धाकट्या मैदानावरचा वस्ताद

निवड करणे हे जगातले सर्वांत अवघड काम आहे, असे माझे जुने मत आहे. साधी आंब्याची पेटी घ्या. वरचा थर गवतातून डोकावत असतो, सोनेरी आणि घमघमणारा. खालच्या थरात काय आहे ते घरी गेल्याशिवाय कळत नाही. तरी आंब्याचे बरे असते. देवगडात गोड लागलेला आंबा मुंबईतही गोडच लागतो. माणसाचे तसे नाही. एका जागी गोड निघालेला माणूस दुसऱ्या जागी आंबट निघतो. आणि एका गावात ज्याला कोणी विचारले नाही तो दुसऱ्या गावात जाऊन मोहरतो. त्यातही सर्वांत बिकट प्रश्न असा, की लहान जागी ज्याने नाव काढले त्याला मोठी जागा द्यावी की नाही? गावच्या जत्रेत ज्याचे पठ्ठे दरसाल मैदान मारतात, त्या वस्तादाच्या हाती कोल्हापुरातली नामांकित तालीम सोपवावी काय?

हा प्रश्न मला पहिल्यांदा नीट दिसला तो कोल्हापुरात नव्हे, तर अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, आणि तोही फुटबॉलच्या निमित्ताने. मराठीच्या प्राध्यापकाचा आणि अमेरिकन फुटबॉलचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. तसा काहीच नाही. संबंध जुळला तो भाच्यामुळे.

माझा भाचा कोलंबस शहरात नोकरी करतो. २०२४ ची दिवाळीची सुट्टी आणि तिला जोडून घेतलेली रजा मी त्याच्याकडे काढली. पोहोचल्यावर दोन-तीन दिवसांतच त्याने मला बजावले, "मामा, शनिवारी दुपारी बाहेर पडायचं नाव काढू नकोस."

"का रे? संचारबंदी आहे?"

"संचारबंदी परवडली. मॅच आहे!"

मॅच कोणाची, तर तिथल्या ओहायो स्टेट विद्यापीठाची. म्हणजे कॉलेजच्या मुलांची. आमच्या कॉलेजच्या मुलांची मॅच असली म्हणजे प्रेक्षकांत जिमखान्याचे सर, दोन शिपाई आणि राखीव खेळाडू एवढी मंडळी हजर असतात. इथे एक लाखाहून अधिक माणसे बसतील असे क्रीडांगण आहे. १९२२ साली बांधलेले, घोड्याच्या नालाच्या आकाराचे. सामन्याच्या दिवशी ते काठोकाठ भरते. आजोबांपासून दुपट्यातल्या पोरापर्यंत सगळे लाल कपड्यांत. मी उभा जन्म महाविद्यालयात घालवला आहे. पण महाविद्यालय या शब्दाचा असाही अर्थ असू शकतो हे मला ठाऊक नव्हते.

खेळाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. ज्याला ते लोक फुटबॉल म्हणतात त्यात पायाचा संबंध फार थोडा. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात धरून पळायचे किंवा पुढच्याला फेकायचा. अकरा जण ढकलणारे, अकरा जण अडवणारे. डोक्याला शिरस्त्राण, खांद्याला चिलखत. पाहताना प्रथम नुसती झोंबाझोंबी वाटते. पण दर काही सेकंदांनी खेळ थांबतो, पुन्हा रचना होते, पुन्हा झुंज सुरू होते. ही प्रत्येक रचना आधी कागदावर आखलेली असते, आणि ती आखून मुलांकडून घोटवून घेणारा माणूस म्हणजे प्रशिक्षक. मोठ्या सरकारी विद्यापीठातल्या या प्रशिक्षकाचा पगार त्या राज्याच्या गव्हर्नरपेक्षा कितीतरी पट अधिक असतो. आणि तो हरू लागला, की सबंध गाव त्याच्या उठण्याबसण्यावर टीका करते. आपल्याकडे एवढा मान आणि एवढ्या शिव्या फक्त जावयाच्या वाट्याला येतात.

आता या खेळाची एक उतरंड आहे. सर्वांत वर ओहायो स्टेट, नोत्र दाम, अलाबामा यांच्यासारखी धनाढ्य विद्यापीठे. त्यांना अनेक वर्षे ८५ खेळाडूंना शिष्यवृत्ती देता येत असे. त्याखालच्या पायरीवर ६३, तिच्या खाली ३६, आणि सर्वांत खालच्या, तिसऱ्या श्रेणीच्या लहान कॉलेजांत खेळासाठी शिष्यवृत्तीच नाही. तिथला मुलगा स्वतःची फी भरतो, अभ्यास करतो आणि वर खेळतो. प्रेक्षकांत त्याचे आईबाप असतात आणि जवळच्या गावातली चार माणसे. अशा लहान कॉलेजात एखादा प्रशिक्षक वर्षामागून वर्ष जिंकत राहतो. मग एके दिवशी वरच्या श्रीमंत विद्यापीठाची जागा रिकामी होते आणि निवड समिती डोके खाजवू लागते: याला बोलवावे काय?

मी तिथे असतानाच, २३ नोव्हेंबरला, असाच एक माणूस कोलंबसला आला. पाहुणा संघ होता शेजारच्या इंडियाना विद्यापीठाचा. हे विद्यापीठ विद्येसाठी आणि संगीतासाठी प्रसिद्ध. फुटबॉलमध्ये मात्र मोठ्या विद्यापीठांपैकी सर्वाधिक पराभव त्याच्याच नावावर जमा होते. २०२३ साली बारा सामन्यांपैकी नऊ हरले. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर त्यांनी कर्ट सिग्नेट्टी नावाच्या बासष्ट वर्षांच्या गृहस्थाला नेमले, आणि २०२४ मध्ये तोच संघ पहिले दहाच्या दहा सामने जिंकून आमच्या गावात दाखल झाला. (भाच्याकडे तीन आठवडे राहिल्यावर माणूस 'आमच्या गावात' म्हणू लागतो.)

भाच्याच्या शेजारी एक निवृत्त शाळामास्तर राहतात. भाचेसुनेच्या हातच्या चकल्यांवर त्यांचा लोभ, त्यामुळे सामना पाहायला ते आमच्याकडेच आले. सिग्नेट्टीची कुळकथा मला त्यांनी सांगितली. हा माणूस अलाबामासारख्या बलाढ्य संघात दुय्यम प्रशिक्षक होता. २०११ साली ती झगमगती नोकरी सोडून, कमी पगारावर, तो पेनसिल्व्हेनियातल्या एका दुसऱ्या श्रेणीच्या कॉलेजात मुख्य प्रशिक्षक म्हणून गेला. त्या गावाचे नावही गमतीने इंडियानाच. तिथे त्याचे वडील पूर्वी प्रशिक्षक होते. तिथून एलॉन, मग जेम्स मॅडिसन, अशा पायऱ्या चढत तो खऱ्या इंडियानात पोहोचला. आणि पहिल्याच वर्षी पत्रकारांनी शंका काढली तेव्हा त्याने, मी जिंकतच आलो आहे, हवे तर माझे नाव शोधून पाहा, अशा अर्थाचे ठणठणीत उत्तर दिले.

त्या दिवशी मात्र तो हरला. ३८–१५. भाचा नाचला. मास्तरांनी शेवटची चकली उचलली आणि म्हणाले, "आज हरला. पण हा माणूस राहील."

मास्तरांचे भाकीत खरे ठरले. २०२५ च्या हंगामात इंडियाना एकही सामना हरली नाही; वाटेत तिने ओहायो स्टेटलाही १३–१० असे नमवले आणि जानेवारी २०२६ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. भाच्याचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "मामा, तुझ्या त्या मास्तरांना चकल्या बंद!"

पण एका उदाहरणावरून नियम बांधू नये, हे मी वर्गात मुलांना नेहमी सांगतो. मास्तरही तेच म्हणत. त्याच महिन्यात तिथल्या वर्तमानपत्रांत एका वृद्ध प्रशिक्षकाच्या निधनाची बातमी होती: जेरी फाउस्ट, वय ८९. मास्तर बातमी वाचताना गप्प झाले. ओहायोतल्याच सिनसिनाटी शहरात मोलर नावाची मुलांची कॅथलिक शाळा आहे. शाळा, कॉलेजसुद्धा नव्हे. तिथे फाउस्टने संघ शून्यातून उभा केला आणि अठरा वर्षांत १७० हून अधिक सामने जिंकले. त्याची कीर्ती एवढी झाली, की देशातल्या सर्वांत मानाच्या नोत्र दाम विद्यापीठाने १९८० साली त्याला थेट उचलून आपला मुख्य प्रशिक्षक नेमले. पहिला सामना तो जिंकला. पुढच्या आठवड्यात त्याचा संघ देशात पहिल्या क्रमांकावर होता. त्यानंतरचाच सामना हरला, आणि वर्षअखेर पाच विजय, सहा पराभव. नोत्र दामने कराराची पाचही वर्षे पाळली. पण एकूण हिशेब ३० विजय, २६ पराभव, एक बरोबरी असा निघाला. माणूस सज्जन, उत्साही, मुलांवर जीव टाकणारा. "त्याच्याविषयी वाईट बोलणारा मला कधी भेटला नाही," मास्तर म्हणाले, "आणि तरी जमलं नाही."

जमले का नाही? हा प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसला. परत येताना विमानात, आणि आल्यावर रात्री जेवणानंतर, मी याच कथा वाचत बसलो. ज्ञानेश्वरीच्या शेजारी ओहायोच्या खेळाडूंची माहिती पाहून आमच्या घरी काळजीचे वातावरण पसरले.

वाचता वाचता कोलंबसचीच एक जुनी कथा हाती लागली. २००१ च्या जानेवारीत ओहायो स्टेटने आपल्या प्रशिक्षकाला काढले. तो शंभराहून अधिक सामने जिंकला होता. पण मिशिगन या हाडवैऱ्याविरुद्ध तेरा वर्षांत फक्त दोनदा! घरात सगळे गोड आणि व्याह्यांशी वाकडे, अशातली गत. त्याच्या जागी आणला जिम ट्रेसेल. हा त्याच राज्यातल्या यंग्सटाउन स्टेट या लहान संघात पंधरा वर्षे होता आणि खालच्या पायरीची चार राष्ट्रीय विजेतेपदे त्याने मिळवली होती. लोकांनी नाके मुरडली. यंग्सटाउनचा माणूस! पण त्याने पहिल्याच वर्षी मिशिगनला त्यांच्या घरी जाऊन हरवले, आणि २००२ च्या हंगामात ओहायो स्टेटला सबंध देशाचे विजेतेपद मिळवून दिले.

याच ट्रेसेलचा यंग्सटाउनमधला पहिला हंगाम मी मुद्दाम शोधला. १९८६: दोन विजय, नऊ पराभव. त्या वेळी त्या लहान कॉलेजाने त्याला निरोपाचा नारळ दिला असता, तर पुढची चार विजेतेपदेही नव्हती आणि कोलंबसही नव्हते.

दुसरी कथा लान्स लायपोल्डची. विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर नावाच्या गावात तिसऱ्या श्रेणीचे कॉलेज आहे; म्हणजे शिष्यवृत्ती नाही अशा पायरीवरचे. तिथे त्याने आठ वर्षांत १०९ सामने जिंकले आणि फक्त सहा हरले. सहा राष्ट्रीय विजेतेपदे. असा आकडा पाहून कोणालाही वाटेल, की हा परीस आहे, लावेल तिथे सोने होईल. बफेलो विद्यापीठाने त्याला २०१५ साली नेले. पहिल्या वर्षी पाच विजय, सात पराभव. दुसऱ्या वर्षी दोन विजय, दहा पराभव! आठ वर्षांत जो सहा वेळा हरला तो एका वर्षात दहा वेळा हरला. बफेलोने त्याला राहू दिले. चौथ्या वर्षी दहा विजय आले. मग २०२१ मध्ये कॅन्सस विद्यापीठाने बोलावले. आधीच्या हंगामात त्यांचा संघ नऊपैकी नऊ सामने हरला होता. तिथेही पहिल्या वर्षी दोन विजय आणि दहा पराभव. पण त्या दोनांतला एक टेक्सासविरुद्ध, टेक्सासच्या मैदानावर, जादा वेळेत ५७–५६ असा. तिसऱ्या वर्षी नऊ विजय. त्यानंतर २०२४ मध्ये पुन्हा पराभव जास्त. म्हणजे परीस नव्हेच, शेतकरी. नांगरणी करतो, पेरतो, पीक येते. पुढच्या साली पुन्हा नांगरणी.

आणि तिसरी कथा कडू. ईस्टर्न वॉशिंग्टन या लहान संघाचा पॉल वुल्फ २००८ मध्ये वॉशिंग्टन स्टेटला गेला. हा तर तिथलाच माजी खेळाडू, घरचा मुलगा. चार वर्षांत नऊ विजय आणि चाळीस पराभव.

आता या सगळ्यांतून काय काढायचे? जो जिंकला तो मोठा आणि जो हरला तो लहान जागेपुरताच होता, असे म्हणून मोकळे होणे फार सोपे आहे. निवड समितीतले लोक नेमके तेच म्हणतात. मला मात्र एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत राहिली. ट्रेसेल कोलंबसला आला, पण त्याआधी तो तिथेच तीन वर्षे दुय्यम प्रशिक्षक होता. वाड्याचे चौक त्याला ठाऊक होते. लायपोल्डला मध्ये बफेलोची पायरी मिळाली; त्याचे दहा पराभव लाखभर लोकांच्या डोळ्यांसमोर झाले नाहीत. सिग्नेट्टीने मोठे घर आतून पाहिले होते, आणि इंडियानाला येताना त्याने आपले विश्वासू सहायक बरोबर आणले, जुन्या संघातले डझनभर खेळाडूही आणले. आता नियम बदलल्यामुळे खेळाडूंना तसे जाता येते. म्हणजे वस्ताद एकटा आला नाही. आपली माती, आपले मुद्गल आणि आपले पठ्ठे घेऊन आला. आणि इंडियानाने त्याला ते आणू दिले.

फाउस्टला हे मिळाले नाही. शाळेतल्या वर्गातून तो एकदम कळसावर चढला. मध्ये पायरी नव्हती. वेळ भरपूर मिळाला, पण नुसता वेळ म्हणजे शिडी नव्हे. वुल्फला घर माहीत होते, वर्षेही मिळाली. तरी भांडी रिकामीच राहिली. तेव्हा माझे म्हणणे काही गणिताचे सूत्र नाही. पण एवढे मात्र मी छातीठोकपणे म्हणेन, की मोठ्या संस्था एक विचित्र खेळ खेळतात. लहान जागी माणसाने जी रीत वापरून यश मिळवले त्या रीतीसाठी त्याला बोलावतात, आणि आल्यावर सांगतात, ती रीत दाराबाहेर काढून ठेवा, चपलांसारखी.

हे मी एवढ्या तावातावाने का सांगतो आहे, ते आता सांगणे भाग आहे.

अमेरिकेहून आल्यावर पुढच्या उन्हाळ्यात आमच्या विभागात मराठीची एक जागा भरायची होती. मुलाखतींना विभागप्रमुख म्हणून मी बसलो होतो. उमेदवारांत एक बाई होत्या. एका तालुक्याच्या गावच्या कॉलेजात अकरा वर्षे शिकवलेल्या. त्यांचे विद्यार्थी म्हणजे पहाटे उठून, गुरांचे करून एस. टी. ने येणारे. बस चुकली की पहिला तास चुकला. बाईंनी प्राचार्यांच्या मागे लागून वेळापत्रकच बसच्या वेळेला जुळवून घेतले होते. त्यांच्या मुलांपैकी कितीतरी पुढे एम. ए. झाली, काही आज स्वतः शिकवतात. समितीतले एक सद्गृहस्थ मला हळूच म्हणाले, "तिथली गोष्ट निराळी हो. वर्गात तीस डोकी. इथे एकशेवीस असतात."

मी बाईंना एकच प्रश्न विचारला: तुमच्याकडे येणारा मुलगा आणि तुमच्याकडून जाणारा मुलगा, यांत फरक काय पडतो?

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, येतो तेव्हा तो म्हणतो, 'पुस्तकात असं दिलंय.' जातो तेव्हा म्हणतो, 'मला असं वाटतं.' एवढाच."

"आणि हे कसं होतं?"

"मी वाचायला लावते. मोठ्यानं. रोज एकाला. वाचताना तो कुठे अडतो ते मला कळतं, आणि त्यालाही कळतं."

त्यांची निवड झाली. नियमाप्रमाणे दोन वर्षे परीक्षेची, मग कायम. पहिले वर्ष कठीण गेले. एकशेवीस मुलांत रोज एकाला वाचायला लावले तर एका मुलाची पाळी दोनदा येण्याआधी वर्ष संपते. शहरातली मुले मोठ्याने वाचायला लाजतात. एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी मोबाईलमध्ये पाहायचे. वर्षअखेर निकाल आधीपेक्षा उतरला. दोन तक्रारअर्ज आले. 'आम्हाला शाळेतल्यासारखे वाचायला लावतात' असा त्यांचा मथितार्थ. ते सद्गृहस्थ मला जिन्यात भेटले आणि म्हणाले, "बघा, मी म्हणालो नव्हतो? तालुक्याची पद्धत इथे चालायची नाही. त्यांना सांगा, इतरांसारख्या नोट्स द्या म्हणावं."

ज्या वाचनासाठी बोलावले, तेच वाचन आता सोडायचे! चपला दाराबाहेर.

बाईंनी नोट्स दिल्या नाहीत. या वर्षी जूनमध्ये त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "सर, मला सकाळी साडेसातला एक खोली मिळेल का? कोपऱ्यातली, लहान." कॉलेज नऊला भरते. वर्गाच्या पंधरा-पंधरांच्या तुकड्या करून, येतील त्यांना आळीपाळीने, त्या तासाआधी वाचायला बसवतात. सक्ती नाही, हजेरी नाही, जादा पैसा तर नाहीच. पहिल्या दिवशी चार मुले आली. ऑगस्टात एकदा मी त्या खोलीवरून गेलो तेव्हा बाके अपुरी पडून दोघे खिडकीत बसले होते. एक मुलगा वाचत होता, अडखळत. कोणी हसत नव्हते.

म्हणून मला वाटते, की निवड ही मुलाखतीच्या दिवशी संपत नाही. त्या दिवशी ती सुरू होते. लहान जागच्या माणसाला मोठ्या जागी बोलावणे म्हणजे त्याचा सत्कार नव्हे. ते आपण घेतलेले कर्ज असते. तो आपली सवयीची जागा, ओळखीची माणसे, मिळवलेले नाव मागे सोडून येतो. बदल्यात आपण त्याला काय देतो? कोपऱ्यातली एक खोली तरी देतो का?

आणि खाली सोडून आलेल्या जागेचे काय? हा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. वर जाणे म्हणजेच पुढे जाणे, हेही काही ब्रह्मवाक्य नाही. ओहायोतच अलायन्स नावाचे गाव आहे. तिथल्या माउंट युनियन या तिसऱ्या श्रेणीच्या कॉलेजात लॅरी केरेस सत्तावीस वर्षे राहिला: ३३२ विजय, २४ पराभव, अकरा राष्ट्रीय विजेतेपदे. मिनेसोटातल्या सेंट जॉन्स कॉलेजात जॉन गॅलियार्डी १९५३ पासून २०१२ पर्यंत होता. त्याच्या नावावर एकूण ४८९ विजय आहेत. कॉलेज फुटबॉलमध्ये तेवढे कोणाचेच नाहीत. हा गृहस्थ शिट्टी वापरत नसे, सरावात मुलांना एकमेकांवर आदळू देत नसे, आणि मुलांनी आपल्याला 'कोच' न म्हणता नुसते 'जॉन' म्हणावे असा त्याचा आग्रह असे. त्यांना कोणी लहान म्हणावे? लहान असते ती जागा. काम लहान नसते. उलट ट्रेसेलची कथा पुढे वाचली म्हणजे मोठ्या जागेची किंमतही कळते. आपल्या काही खेळाडूंनी नियम मोडल्याचे कळूनही त्याने वर कळवले नाही, म्हणून २०११ साली त्याला राजीनामा द्यावा लागला. आणि गंमत पाहा: २०१४ मध्ये तो पुन्हा यंग्सटाउनलाच गेला, आता प्रशिक्षक म्हणून नव्हे तर विद्यापीठाचा अध्यक्ष म्हणून, आणि २०२३ पर्यंत तिथे राहिला. ज्या लहान गावाने पहिल्या वर्षीचे नऊ पराभव सोसले होते त्याच गावाने त्याला पुन्हा जवळ केले.

आमच्या बाईंचे गावही त्यांना विसरलेले नाही. तिथली एक मुलगी दर महिन्याला त्यांना पत्र लिहिते. फोन असूनही पत्रच, कारण 'बाई, लिहिताना मी कुठे अडते ते मला कळतं.' हे पत्र बाईंनी मला दाखवले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. एका जागी नवे कोणी आपले होत नाही आणि दुसऱ्या जागचे आपले सुटत नाही, अशा दोन गावांच्या वेशीवर हा माणूस उभा असतो. निवड समितीच्या कागदात त्यासाठी रकाना नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मला बाईंविषयीचा अभिप्राय लिहून द्यायचा आहे. त्यावर त्यांचे कायम होणे न होणे पुष्कळसे अवलंबून आहे. तक्ता छापील आहे: निकालाची टक्केवारी, विद्यार्थ्यांचे मत, शिस्त, सहकाऱ्यांशी वर्तन. मी सगळे आकडे जसेच्या तसे भरणार आहे, उतरलेला निकालही. आकड्यांशी माझे भांडण नाही. फक्त खाली 'इतर शेरा' म्हणून दोन ओळींची जागा असते, ती मी पूर्ण वापरणार आहे. सकाळी साडेसातची खोली आणि खिडकीत बसलेली ती दोन मुले तिथे येतील. जागा उरली, तर यंग्सटाउन स्टेटचा १९८६ चा हंगामही: दोन विजय, नऊ पराभव.

समितीतले सद्गृहस्थ विचारतील, हे यंग्सटाउन कुठे आले? विचारू देत. सांगायला मला वेळ आहे.